ओडमची चूक

ज्या बाईचा नवरा फुटबॉलचा कोच आहे तिने पडदे शिवायला घेऊ नयेत. मी पहिल्या दोन गावांत शिवले. तिसऱ्या गावी खिडक्या बुटक्या निघाल्या, चौथ्या गावी लांबट, तेव्हापासून मी खिडकीवर सरळ चादर ठोकते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान नांगी असते. कोचच्या बायकोला तीही वापरता येत नाही. तिला संघमालकाच्या बायकोला 'हॅट किती छान आहे हो तुमची' असं म्हणत उभं राहावं लागतं.

माझा नवरा लेन स्कोव्हरॉन. आम्ही दोघं यंग्सटाउनचे, एकाच चर्चमधले, दोघांचेही बाप पोलाद कारखान्यात. लेनने उभ्या जन्मात एकच काम केलं, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं नाही. बचावाचा कोच. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळतात नाही तर फेकतात, आणि लेनची माणसं ते अडवतात. आधी शाळेत, मग कॉलेजात, मग पगारी संघांत. नऊ गावं झाली. नववं टोलेडो, संघ ग्लासमेन. संघाचं नाव काचेवरून ठेवणाऱ्यांना मी काय बोलणार, पण लेन आल्यावर त्या काचेला पाच वर्षं तडा गेला नाही.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मुख्य कोचची खुर्ची. कुठल्याही गावातली, कितीही रडक्या संघाची, पण एकदा. चार वेळा मुलाखतीला जाऊन आला होता आणि चारही वेळा ती खुर्ची आक्रमण शिकवणाऱ्या एखाद्या पोरगेल्या माणसाने पटकावली होती. लोकांना गुण झालेले बघायला आवडतात. बचाववाला म्हणजे वॉचमन, चोरी झाली तर शिव्या, नाही झाली तर तो होता हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. लेन एकसष्टचा झाला होता. आरशात बघून भुवयांचे पांढरे केस उपटायला लागला तेव्हाच मला कळलं, की याला आता घाई झाली आहे.

तो चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. चांगला कोच होता, ते वेगळं. दर सोमवारी सगळेच संघ रविवारच्या सामन्याची फिल्म बघतात, पण लेनच्या खोलीत एक रीत होती. फिल्म सुरू झाली की लेनने तोंड उघडायच्या आत ज्याची चूक त्याने उभं राहायचं आणि 'माझी चूक' म्हणायचं. डोळ्यांवर ऊन आलं, शेजारचा घसरला, असलं काही चालायचं नाही. एका पोराने सांगितलं, की त्याची आई दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होती म्हणून त्याचं लक्ष नव्हतं. लेनने विचारलं, "ती मैदानात होती का?" पोरगा बसला नाही, उभाच राहिला, आणि 'माझी चूक' म्हणाला. हा किस्सा लेन हसत हसत सांगायचा. त्याच्या खोलीतून बाहेर पडलेली पोरं त्याच्यासाठी भिंतीवर डोकं आपटायला तयार असत, हे मात्र खरं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यातला सगळ्यात वेडा ताव्हारेस ओडम. अलाबामाचा, बत्तीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा आणि आवाज मात्र चर्चमधल्या म्हातारीसारखा मऊ. बचावाच्या अकरा जणांत एकाच्याच हेल्मेटमध्ये रेडिओ बसवलेला असतो. कोच कडेला उभा राहून बोलतो, तो ऐकतो आणि बाकीच्यांना सांगतो. त्याला उलट बोलता येत नाही, तशी सोयच नसते. लेनचा आवाज सात वर्षं ओडमच्या कानात होता, आधीच्या गावापासून. लेनने त्याला टोलेडोला बरोबरच आणला होता. मी म्हणायचे, लेन, मलाही तसलं एक हेल्मेट आण, घरात शांतता राहील.

दर गुरुवारी ओडम आमच्याकडे जेवायला यायचा. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या मांसाचं नुसतं ऐकूनही त्याच्या आईला शिसारी यायची, आणि हा अर्धं पातेलं संपवायचा. मला 'मिसेस एस' म्हणायचा. गुडघे संपत आलेत, अजून एखाद-दोन वर्षं, मग मलाही कोच व्हायचंय, असं सांगायचा. लेन म्हणायचा, "खुर्ची मिळाली की पहिला फोन तुला." ओडम मान खाली घालून हसायचा, साखरपुड्यातल्या मुलीसारखा.

लेनच्या बचावाचं सगळं गुपित या ओडमच्या डोळ्यांत होतं. समोरच्या रांगेत जे धिप्पाड गडी वाकून बसतात, ते एक हात जमिनीला टेकतात. ज्याला पुढे मुसंडी मारायची आहे त्याचं वजन हातावर येतं आणि नखं पांढरी पडतात. चेंडू फेकला जाणार असेल तर त्याला मागे सरकायचं असतं, तेव्हा हात नुसता ठेवलेला असतो, नखं गुलाबीच राहतात. अशा खुणा सगळेच कोच बघतात, पण बाकीचे दहा खुणा बघतात आणि गोंधळतात. लेनने एकाच गड्याची नखं धरली, डावीकडून दुसऱ्याची. नखं गुलाबी दिसली की ओडम मांडीवर थाप मारायचा आणि अकराही जण मागे सरकून फेकीची वाट बघायचे. समोरच्यांना वाटायचं, यांना स्वप्नं पडतात. हे गुपित लेन, ओडम आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं. मुख्य कोच ब्राइस हॅलनबेक, त्यालासुद्धा लेनने पुरतं सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी आमचा बचाव सगळ्यांत भारी ठरला आणि जानेवारीत पोर्टलंडहून फोन आला. त्यांनी त्यांच्या मुख्य कोचला हाकललं होतं, मुलाखतीला या म्हणाले. लेनने सूट धुवायला टाकला. मी त्याला एकच गोष्ट सांगितली, की फळ्यावर काही काढू नकोस. या धंद्यातला हा जुना खेळ आहे. नवरा मुलगा आधीच ठरलेला असतो, बाकीच्यांना नुसतं पंगतीला बसवतात, आणि बसलेच आहेत तर त्यांच्या डोक्यातलं काढून घेतात. आमच्या ओळखीच्या एकाला असंच दोन दिवस ठेवून घेऊन उसासारखं पिळलं होतं. लेनलाही हे माहीत होतं. पण खुर्ची दिसली की माणसाला बाकीचं दिसत नाही.

परत आला तो कधी नव्हे इतका खुशीत. दोन तास ठरले होते, दुपार सरली तरी सोडेनात म्हणे. भिंतभर फळा होता. लेनने आपला अख्खा बचाव मांडून दाखवला आणि मालक उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मी विचारलं, खोलीत कोण कोण होतं. मालक, त्याची मुलगी, व्यवस्थापक, आणि त्यांच्याच आक्रमणाचा एक तरुण कोच, कोल्बी रेनविक. भला पोरगा, कॉफी तोच आणून देत होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला.

"काय?"

"म्हणाला, सर, तुमचा माणूस नेमकं बघतो तरी कुठे?"

"आणि तू सांगितलंस."

"विचारलं तर सांगायला नको? मुख्य कोच होणाऱ्या माणसाने लपवाछपवी करायची नसते, बर्निस."

"लेन, कॉफी आणणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत."

"तुला ना, कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही," असं म्हणून तो आंघोळीला गेला. आत गात होता.

त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं, पोर्टलंडचे नवे मुख्य कोच कोल्बी रेनविक, वय चौतीस. आयत्या बिळावर नागोबा ऐकून होते, हा तर बीळ कसं खणलं तेही विचारून बसला होता. लेन उठला. बाहेर जाऊन आमच्या दारातलं बर्फ उपसलं, मग शेजाऱ्याच्या दारातलं उपसलं, मग त्याच्या पलीकडच्या बाईच्या. त्या बाईने मला फोन करून आभार मानले.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आलं. शेवटचा रविवार, पोर्टलंड विरुद्ध टोलेडो, आमच्याच मैदानावर. तेव्हा हसायला आलं होतं. पण हंगाम सरकत गेला आणि दोन्ही संघ असे येऊन टेकले, की त्या रविवारी जो जिंकेल तो पुढे जाणार आणि हरेल तो घरी. आमच्याकडे शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवाराला काळा सोमवार म्हणतात. हरलेल्या संघांचे कोच त्या दिवशी हाकलले जातात, आणि कोचांच्या बायकांना ते गाडीतल्या रेडिओवर कळतं. हॅलनबेकचं आसन डळमळत होतंच. तो गेला की त्याच्याबरोबर सगळे जाणार, लेनसकट.

त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच मी लेनला विचारलं, "खूण बदललीस ना?"

"बदलली."

"ओडमला सांगितलंस, का बदलली ते?"

"बदलली म्हटलं ना. मीठ दे इकडे."

मी मीठ दिलं.

रविवारी तळ्यावरून असा बोचरा वारा येत होता, की लोकांच्या बियरवर साय धरत होती. आम्ही बायका आमच्या ठरलेल्या रांगेत. पहिल्या अर्ध्यात पोर्टलंडचं काही चाललं नाही. ओडम राजासारखा फिरत होता. आता वाटतं, त्या रेनविकने मुद्दामच हात आखडता घेतला होता. वर्षभर झाकून ठेवलेलं भांडं त्याला घाईने उघडायचं नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात पोर्टलंडवाले वाकून बसले आणि ओडमने मांडीवर थाप मारली.

थाप तीच, मांडी तीच. काहीसुद्धा बदललेलं नव्हतं. आमचे अकराही जण इमानदारीत मागे सरकले, आणि ज्याचा हात नुसता टेकलेला होता तोच गडी बैलासारखा पुढे आला. चेंडू फेकला गेलाच नाही. त्यांचा धावणारा मोकळ्या मैदानातून पळत गेला, बाजारात चालल्यासारखा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्यांनी आपल्या गड्याला बोटं हलकी ठेवून मुसंडी मारायला शिकवलं होतं, आणि ते एका दिवसात येत नाही. त्यावर त्या पोराने महिनोन्महिने घालवले असणार.

दोनदा असं झाल्यावर ओडम आमच्या कडेला वळला आणि दोन्ही हात पसरले. त्याला बोलता येत नव्हतं. साठ हजार लोकांदेखत तो हातांनी विचारत होता, कोच, काय करू? लेनने तोंडापुढे कागद धरला, ओठ कुणाला दिसू नयेत म्हणून, आणि काहीतरी बोलला. ओडमने मान डोलावली, जागेवर गेला, वाकला, बघितलं, आणि मांडीवर थाप मारली.

तो मागे सरकत होता. सगळं वजन टाचांवर. त्या गड्याने त्याला नेमकं गुडघ्याच्या वर धरलं. नियमात बसणारी धडक होती, पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. पाय जिकडे वळायला नको तिकडे वळला. माझ्या शेजारी हॅलनबेकची बायको होती, तिने हॅट तोंडावर ओढली. मी बघत राहिले.

सामना संपल्यावर रेनविक मैदान ओलांडून लेनकडे आला, टोपी काढली आणि त्याला मिठी मारली. कॅमेरे होतेच. म्हणाला, "सर, मी जे काही शिकलो ते तुमच्याकडून शिकलो." टीव्हीवरच्या लोकांना गहिवरून आलं. आजकाल असे संस्कार कुठे राहिलेत, म्हणाले.

गाडीत मी लेनला विचारलं. तो सगळं सरळ बोलला. लाजला असता तर बरं वाटलं असतं. हॅलनबेकने बैठकीत विचारलं होतं, पोर्टलंडला आपलं काही माहीत असण्याची शक्यता आहे का, आणि लेनने नाही म्हणून सांगितलं होतं. ऐन शेवटच्या आठवड्यात खूण बदलली असती तर हॅलनबेकने कारण विचारलं असतं. मुलाखतीत बढाई मारताना संघाचं गुपित देऊन आलो, असं एकदा बाहेर फुटलं की त्याला कुठल्याच गावात कुणी दारात उभं केलं नसतं, खुर्ची तर लांबच. आणि त्याला वाटलं होतं, तो पोरगा विसरला असेल.

"निदान ओडमला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तो शंका घेऊन खेळला असता. शंका घेऊन खेळणारा एक पाऊल उशिरा पोचतो."

"आता तो पाऊलच टाकणार नाही."

लेनने वायपर सुरू केले. पाऊस नव्हता की बर्फ नव्हतं.

"शेवटी त्याने हात पसरले तेव्हा काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, नखांवर विश्वास ठेव."

सोमवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. ओडमचा पाय लोखंडी चौकटीत अडकवला होता. डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं, की खेळणं संपलं, आणि चालताना पाय ओढावा लागेल तो कायमचा. त्याची आई अलाबामाहून निघाली होती. मांडीवर टॅबलेट होता, कालचा सामना त्यावर लावलेला. लेनला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. उठायचा! मी म्हटलं, अरे पड.

इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "कोच, त्यांना कळलं कसं?"

मी लेनकडे बघितलं. मला खरंच वाटलं, आता हा बोलणार. सोमवार होता. दर सोमवारी या माणसाने शेकडो पोरांना उभं केलं होतं, आई मरत असलेल्यालासुद्धा. खोलीत आम्ही तिघंच होतो, ओडमकडून ते बाहेर गेलं नसतं, जीभ कापली तरी गेलं नसतं.

लेनने खुर्ची पुढे ओढली, बसला, आणि अगदी मायेने म्हणाला, "तू मान वळवत होतास, पोरा. खूण करायच्या आधी, त्या गड्याकडे. थोडीशीच. त्यांनी फिल्ममध्ये हेरलं असणार."

ओडमने डोळे मिटले. मग म्हणाला, "माझी चूक, कोच."

"असू दे. होतं माणसाकडून."

"सगळ्या संघाचं वर्ष गेलं माझ्यामुळे. तुमची नोकरीही जाणार."

"मी तुला दोष देत नाही," लेन म्हणाला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

असल्या माणसाबरोबर मी आठवी-नववीपासून फिरत होते. तो गाडी काढायला खाली गेला तशी मी पर्स विसरल्याचं सांगून परत वर गेले. ओडमच्या उशाशी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पोर्टलंडचा फळा, कॉफी आणणारा रेनविक, त्याचा प्रश्न, लेनचं उत्तर, हॅलनबेकला मारलेली थाप. काही म्हणजे काही ठेवलं नाही. म्हटलं, तुझा पाय माझ्या नवऱ्याने मोडला, त्याच्या तोंडावर थुंक हवं तर, पण माझी चूक म्हणू नकोस.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला. तो मला समजावत होता!

"मिसेस एस, तुम्हाला राग आलाय, समजतं मला. दहाव्यांदा घर हलवायचं म्हणजे काही गंमत नाही. पण कोचवर असलं काही घालू नका. ते तसं करणार नाहीत."

"त्यानेच मला सांगितलं. काल, गाडीत."

"मला वाचवायला सांगितलं असेल. तुमच्या नजरेत मी उतरू नये म्हणून."

याला काय म्हणावं? मी मेरीमातेची शपथ घेतली. तेव्हा त्याने टॅबलेट माझ्यापुढे धरला. "हे बघा. तिसरा डाव. थाप मारायच्या आधी."

त्याने चित्र पुढे-मागे केलं. हेल्मेट हललं, केसाएवढं. माणूस श्वास घेतो तेव्हाही हलतं तेवढं.

"दिसलं?" तो म्हणाला. "पहाटेपासून बघतोय. तुम्ही यायच्या आधीच सापडलं होतं मला. कोचना विचारलं ते एवढ्यासाठीच, की तेही हेच म्हणतात का बघू. आणि त्यांनी नेमकं तेच सांगितलं."

"अरे, इतक्या वेळा बघितलं तर कुणाच्याही मानेत काहीतरी सापडेल."

"पण सापडलं ना," ओडम म्हणाला.

खाली लेनने हॉर्न वाजवला.

दुपारी किराणा घेऊन येताना रेडिओवर ऐकलं, हॅलनबेक आणि त्याचे सगळे कोच गेले. रीतीप्रमाणे झालं, त्याचं मला काही वाटलं नाही. आठवडा संपता संपता पोर्टलंडहून फोन आला. रेनविकला लेन हवा होता. खुर्चीवर नव्हे, खुर्चीच्या मागे. बचावाचे ज्येष्ठ सल्लागार. म्हणजे ज्याला सगळं येतं पण आता काही विचारायचं नाही असा म्हातारा. मला वाटलं लेन फोन आपटेल. त्याने आभार मानले.

"त्याने तुला लुटलं, लेन."

"हुशार आहे तो. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

ते मात्र खरं होतं.

पोर्टलंडला घर मिळालं, ओलसर. उन्हाळ्यात ओडमचं पत्र आलं, की पोर्टलंडला एखाद्या कोपऱ्यात उभं राहायची जागा मिळाली तरी चालेल, नवख्यांना शिकवेन, पैशांचं बघू. मी ते लेनच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने वाचलं आणि घडी घातली. म्हणाला, "ज्याला स्वतःची मान सरळ ठेवता आली नाही तो पोरांना काय शिकवणार?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय.

"लेन, ती मान तू बनवलीस. दवाखान्यात. माझ्यासमोर."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. मला त्याचीच भीती वाटली. तो खरोखर आश्चर्याने बघत होता. "फिल्म बघ ना, बर्निस. फिल्ममध्ये आहे ते. मी हंगामाआधीच्या शिबिरात पोरांना दाखवतो. पहिल्याच दिवशी ओडमचा तिसरा डाव लावतो, म्हणतो, बघा, एवढ्याशा मानेपायी एका माणसाचा पाय गेला आणि एका संघाचं वर्ष."

"आणि रेनविक? तो असतो खोलीत?"

"असतो की. म्हणाला, सर, हे दरवर्षी दाखवायला हवं."

मी लेनपुढचं ताट उचललं. तो जेवत होता अजून.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हा ओडमचा फोन आला. आता तो आईजवळ असतो, मोबीलला, एका टायरच्या दुकानात गिऱ्हाईकांची नावं लिहून घेतो, बसून करण्यासारखं काम आहे. पत्राचं विचारलं नाही. कोच बरे आहेत ना, त्यांची पाठ कशी आहे, एवढंच विचारलं. मला सहन होईना. मी त्याला शिबिरातलं सांगून टाकलं. मुद्दाम, जितकं लागेल असं सांगता येईल तितकं. अनोळखी पोरांची खोली भरलेली असते, तुझा पाय मोडताना पुन्हा पुन्हा लावतात, थांबवून थांबवून, आणि ज्याने मोडवला तो रेनविक मागे उभा राहून मान डोलावतो. मला वाटलं, आता तरी याला राग येईल. एक शिवी हासडेल, लेनला नाही तर मला.

पलीकडे कुणीतरी हवेचा पंप चालवत होतं. मग तो थांबला.

"कोच अजून माझी फिल्म लावतात?" त्याने विचारलं.

"लावतो."

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "पोरांच्या कामाला येतेय." आणि त्याच्या आवाजात खराखुरा आनंद होता.